मानाच्या बेचाळीस पिशव्या

प्रवासाला निघण्यापूर्वी सामानाची यादी करावी, हे मी एकतीस वर्षे चौथीच्या मुलांना शिकवीत आलो आहे. यंदा जनगणनेच्या कामात माझी नेमणूक साहित्यवाटपासाठी झाली आणि ही शिकवण प्रथमच माझ्या स्वतःच्या उपयोगी पडली. यादी अशी होती: पिशव्या बेचाळीस, प्रत्येक पिशवीत टोपी एक, ओळखपत्राचे प्लास्टिकचे कव्हर एक, लिहिण्याचा पुठ्ठा एक, पेन दोन आणि घरांवर क्रमांक घालण्यासाठी जाड मार्कर एक. हे सर्व सोलापूरहून दुधनीला न्यायचे. तेथे दुपारी तीन वाजता प्रगणकांचे (घरोघर जाऊन माहिती घेणाऱ्या शिक्षकांचे) प्रशिक्षण सुरू होणार होते, त्यापूर्वी ते पोहोचवायचे. आणि संध्याकाळी परत येऊन अहवालातील ‘तफावत’ या रकान्यात एकच शब्द लिहायचा: निरंक.

या शब्दाविषयी थोडे सांगणे आवश्यक आहे. प्रत्येक शाळेत एक जडवस्तू संग्रह नोंदवही असते. बाके, फळे, घंटा, नकाशे दरवर्षी मोजावे, नोंदीशी ताडून पाहावे आणि सर्व जुळले तर ‘तफावत निरंक’ असे लिहावे, अशी रीत आहे. ती वही माझ्या हाती आल्यापासून त्या रकान्यात दुसरा शब्द उमटलेला नाही. एकदा एक डस्टर सापडेना, तेव्हा मी दिवाळीच्या सुट्टीत शिडी लावून ते शोधून काढले. ते व्हरांड्याच्या वाशावर होते. पुढील महिन्यात मी निवृत्त होत आहे. दुधनीचा अहवाल हा माझा शेवटचा निरंक ठरणार होता, आणि तो निर्मळ असावा अशी माझी इच्छा होती.

माझ्या दोन सहकाऱ्यांकडे माळशिरस आणि करमाळा ही ठिकाणे आली. दोघांनीही मला ‘जवळचे मिळाले, नशीबवान आहात’ असे सांगितले. दुधनी कर्नाटकच्या सीमेला टेकलेली आहे, तरी सोलापूरहून सकाळी निघून दुपारच्या जेवणाला घरी येता येईल इतकी जवळ आहे, हे खरे. वाचकांनी हे वाक्य लक्षात ठेवावे.

पिशव्या ज्या पुठ्ठ्याच्या खोक्यांतून आल्या होत्या ती खोकी तळाशी फाटली होती. म्हणून मी त्या माझ्या ओळखीचे विणकर नरसय्या यांच्या कारखान्यात नेल्या. तेथे चादरी आणि टॉवेल जसे गोणपाटात घालून सुतळीने शिवतात, तशीच पिशव्यांची एक गच्च गाठ त्यांनी बांधून दिली. तिच्या शेजारी तशीच दुसरी गाठ होती.

“ही लग्नाची हाय सार,” नरसय्या म्हणाले. “मानपानाचे एकावन्न टॉवेल-टोपी. दुधनीच्या रस्त्यावरच वाडी हाय. जाता जाता टाकून जाता का? आज दुपारीच अक्षता हायेत.”

मी होकार दिला. नरसय्यांनी निळ्या शाईचा डबा उघडला आणि विचारले, “मार्क मारू का, सार? कुठली कुठं ते?”

येथे माझी चूक झाली. सरकारी साहित्यावर खासगी कारखान्याचा शिक्का मला प्रशस्त वाटेना. शिवाय मला वाटले की पद्धत असेल तर खुणेची गरज पडत नाही. मी सर्वांना जवळ बोलावून नियम सांगितला: “जे शेवटी उतरवायचे ते आधी चढवावे. जे आधी उतरवायचे ते शेवटी चढवावे. म्हणजे दारातली गाठ लग्नाची, आतली गाठ जनगणनेची.” टेम्पोच्या फाळक्यावर खडूने आकृतीही काढली. टेम्पोचे चालक रज्जाकभाई साठीला आलेले गृहस्थ आहेत. त्यांनी दाढीवरून हात फिरवीत आकृती पाहिली आणि म्हणाले, “समझ गया, गुर्जी. लाइन से रखने का.”

साडेसातला आम्ही निघालो. शहर मागे पडताच उन्हाळ्यातली काळी, नांगरून टाकलेली जमीन दोन्ही बाजूंना पसरली. अधूनमधून कडब्याच्या गंजी आणि रस्त्याकडेला बाभळी. रज्जाकभाईंनी शेंगाचटणी आणि कडक भाकरी आणली होती. कडक भाकरी मोडताना तिचे तुकडे कोणत्या दिशेला उडतील हे सांगता येत नाही. अक्कलकोट येईपर्यंत माझ्या चष्म्यावर, कागदपत्रांवर आणि गिअरच्या दांड्यावर ती समप्रमाणात वाटली गेली होती.

अक्कलकोटच्या अलीकडे मागचे चाक पंक्चर झाले. वजनामुळे जॅक चढेना, म्हणून रज्जाकभाईंनी दोन्ही गाठी खाली उतरवल्या. मी मदतीला जाऊ लागलो, तर ते म्हणाले, “तुम चाय पियो, गुर्जी. ये अपना काम है.” शेजारच्या टपरीवर मी चहा घेतला. टपरीवाल्याने कुठे निघालात असे विचारले, तेव्हा मी त्याला साहित्य चढविण्याचा माझा नियम समजावून दिला. त्याला तो पटला. बाकावर सांडलेल्या चहात बोट बुडवून मी आकृती काढीत होतो, त्याच वेळी माझ्या पाठीमागे रज्जाकभाई गाठी पुन्हा चढवीत होते.

सव्वादहाला आम्ही त्या वाडीवर पोहोचलो. मांडवाबाहेर नवरदेवाचे वडील सिद्रामअण्णा वाटच पाहत होते. दारातली गाठ उतरवून त्यांच्या स्वाधीन केली, अक्षतांना थांबण्याचा आग्रह नम्रपणे मोडला, आणि वेळेच्या चार तास अगोदर दुधनीत शिरलो.

दुधनीच्या प्रशिक्षणाची जबाबदारी शिवलीला मॅडम यांच्याकडे होती. त्या तेथील शाळेत शिक्षिका आहेत. “बर्री गुरुजी, बर्री (या, या),” असे म्हणत त्यांनी पाणी दिले आणि कात्रीने गाठीची सुतळी कापली. आतून पांढराशुभ्र टॉवेल निघाला. मग टोपी. मग दुसरा टॉवेल.

त्यांनी टोपी उलटसुलट करून पाहिली. “सर, उन्हात फिरायचंय, तेव्हा टॉवेलची कल्पना चांगलीच आहे. पण गांधी टोपी सगळ्यांना सक्तीची आहे का? माझ्या प्रगणकांत एकोणीस बायका आहेत.”

मी रज्जाकभाईंकडे पाहिले. त्यांनी शांतपणे खुलासा केला: “पंक्चर के टैम जो पैले निकला, वो पैले डाला मैं. लाइन से. तुमेच बोले थे ना.”

चूक त्यांची नव्हती, माझ्या आकृतीत पंक्चर दाखवले नव्हते.

“सर,” शिवलीला मॅडम हळू आवाजात म्हणाल्या, “तीनला माझ्यासकट बेचाळीस जण जमतील. उद्यापासून घरोघर जायचं. गळ्यात ओळखपत्र नसलं तर आमच्याकडे लोक दारातूनच परत लावतात. माझी ही पहिलीच जबाबदारी आहे.”

मी तीनच्या आत परत येण्याचा शब्द दिला. टॉवेल पुन्हा गोणपाटात भरले आणि आम्ही वळलो.

वाडीच्या वळणावर येताच पहिली टोपी दिसली. एक म्हातारबुवा निळी टोपी घालून बैलाला पाणी पाजत होते आणि टोपीवर ठळक अक्षरांत ‘जनगणना’ असे होते. मांडवात शिरलो तर असे मानकरी सर्वत्र दिसू लागले. पुठ्ठ्यांनी ते वारा घेत होते. ओळखपत्रांच्या कव्हरात पान-सुपारी घातलेली होती. एका कोपऱ्यात तिघे जण आमच्या मार्करने आहेराच्या भांड्यांवर नावे घालत होते, आणि अक्षर बरे होते. एक पेन भटजींच्या कानावर सापडले.

“अण्णा,” मी सिद्रामअण्णांना म्हणालो, “टोपीवर काय लिहिले आहे, हे कोणी वाचले नाही का?”

“वाचलं की! आमाला वाटलं, सरकारनंच टोप्या धाडल्या. आता समदं सरकारच देतंय की, गुर्जी.” मग त्यांचा चेहरा उतरला. “पर नग कमी पडले बगा. एकावन्न सांगितले होते, निगाले बेचाळीस. नऊ मानकरी रुसले. त्यात नवरीचा मामा हाय, म्हाळाप्पा. त्यो मागं उभा राह्यल्याबिगर अक्षता कशा पडायच्या? बारा पस्तिसाचा मुहूर्त हाय!”

घड्याळात पावणेबारा झाले होते. मी त्यांना धीर दिला. एकावन्न टॉवेल-टोप्या टेम्पोत होत्या. त्या द्यायच्या, पिशव्या घ्यायच्या, इतका सरळ हिशेब होता.

मी ध्वनिक्षेपक हाती घेतला आणि वर्गात बोलतो तसे बोललो. “ज्यांना ज्यांना पिशवी मिळाली आहे, त्यांनी उजवा हात वर करावा.” पहिल्या मोजणीत सदतीस हात आले. दुसऱ्या मोजणीत सेहेचाळीस. तिसऱ्या वेळी रुसलेल्या नऊजणांपैकी आठांनीही हात वर केले, कारण त्यांना वाटले की पिशव्यांचे पुढचे वाटप सुरू झाले आहे. मग मी पिशव्या परत करण्याची विनंती केली.

बैलाला पाणी पाजणारे म्हातारबुवा पुढे आले. “गुर्जी, नाव पुकारून, कुकू लावून टोपी डोक्यावर घातली. आता उतरवा म्हंता? मान दिला का टिंगल केली?”

“टॉवेल-टोपी मिळेल, आजोबा. नवे कोरे आहेत.”

“ते घरात ईस पडलेत. ह्या पिशवीला तीन चेना हायत!”

“आमाला बी पिशवीच पायजे,” रुसलेल्यांपैकी एकजण मागून ओरडला.

मी ध्वनिक्षेपक खाली ठेवला. वर्गात एक पेन्सिल हरवली तर काय करावे हे मला ठाऊक होते. येथे मात्र सर्वांच्या डोक्यावर माझे साहित्य होते आणि ते प्रत्येकाला कायदेशीर वाटत होते.

मांडवाबाहेर लिंबाच्या झाडाखाली एक उंच, काटकुळा मनुष्य पाठ फिरवून बसला होता. हेच नवरीचे मामा, म्हाळाप्पा. खांद्यावर घोंगडी, शेजारी काठी. मी जवळ जाऊन बसलो.

“तुमाला काय पायजे ते मला म्हाईत हाय,” ते मागे न पाहता म्हणाले. “मला पिशवी नगो. मला माझा मान पायजे. भाचीच्या लग्नात माझं नाव पुकारलं, म्या उटलो, न् हात मोकळा. समद्यांनी बगितलं.” मग विचारले, “त्या पिशवीत मान्सांची नावं घालनार का?”

“नाही, नावे मोबाइलमध्ये भरतात.”

“मग पिशवी कशाला?”

या प्रश्नाचे उत्तर मला प्रशिक्षणातही मिळाले नव्हते. मी विषय बदलला आणि मोजणीची माझी अडचण सांगितली. ते प्रथमच माझ्याकडे वळले. डोळ्यांत हसू होते.

“फिरतं मेंढरू कुनी मोजतं का? उभ्या कळपात गेलं की एकच मेंढरू तीनदा मोजशिला. कळप वाघरीत (मेंढरांभोवती लावायच्या जाळ्यात) घालायचा. एकच फट ठिवायची. आन् फटीतनं भाईर पडंल त्ये मोजायचं. येक, येक.”

“पण ही माणसे आहेत.”

“मान्सांना बी फटीतनंच जावं लागतं की.”

पुढील पंचवीस मिनिटे मी म्हाळाप्पांचा विद्यार्थी होतो. त्यांनी सर्व पाहुण्यांना मांडवाबाहेर काढले. मांडवाच्या कडेने कनाती ओढून घेतल्या आणि पुढे एकाच माणसापुरती वाट ठेवली. वाटेवर सिद्रामअण्णा कुंकवाची वाटी घेऊन, त्यांच्यामागे मी टॉवेल-टोप्या घेऊन आणि माझ्यामागे रज्जाकभाई अक्षतांची परात घेऊन उभे राहिले. अक्षता हव्या असतील तर या वाटेनेच आत यायचे. ध्वनिक्षेपकावरून पुन्हा एकेक नाव मानाने पुकारले गेले. कपाळाला कुंकू, खांद्यावर टॉवेल. मग नवी टोपी डोक्यावर चढवण्यासाठी आधी जुनी उतरवावीच लागे, आणि पिशवी खांद्यावर असली तर टॉवेल नीट बसत नसे. पिशवी परत मागावी लागलीच नाही. नवा मान मिळता मिळता जुना आपोआप हातात येऊ लागला. म्हातारबुवांनी पिशवीच्या तिन्ही चेना एकदा उघडझाप करून पाहिल्या आणि एक नि:श्वास सोडून ती माझ्या हवाली केली. मार्कर, पुठ्ठे आणि कव्हरे तिथल्या तिथे पिशव्यांत परत भरली गेली. भटजींनी पेनही दिले, दोन वेळा मागावे लागले.

म्हाळाप्पा काठीला टेकून उभे होते. प्रत्येक पिशवीमागे ते बोटाचे एक पेर मोजत आणि वीस झाले की एक खडा खिशात टाकत. पिशवीवाला शेवटचा पाहुणा आत गेला.

“दोन ईसा न् येक,” ते म्हणाले.

एक्केचाळीस. मी पिशव्या पुन्हा मोजल्या. एक्केचाळीसच होत्या. बारा वाजून वीस मिनिटे झाली होती. एकतीस वर्षांत जे कधी झाले नाही ते वाडीवरच्या मांडवात होणार, असे मला दिसू लागले.

“पहिला मान कुणाला दिला?” म्हाळाप्पांनी सिद्रामअण्णांना विचारले.

अण्णांनी कपाळावर हात मारून घेतला. “देवाला!”

मांडवाच्या मागे बिरोबाचे लहानसे ठाणे होते. शेंदूर लावलेला तांदळा (देवाचा गोल दगड), त्याच्यावर निळी टोपी, आणि पुढ्यात पिशवी, सर्व चेना बंद. देव रांगेत येऊ शकत नव्हता, एवढाच त्याचा दोष.

“घ्या की गुर्जी,” कोणीतरी म्हणाले. माझा हात पुढे होईना. म्हाळाप्पांनी टोपीच्या कडेला पाण्याने दोन फुले चिकटवली, एक उजवीकडे, एक डावीकडे. उजवे पडले तर देवाची परवानगी, डावे पडले तर नाही. सर्व वऱ्हाड श्वास रोखून उभे राहिले. मी घड्याळाकडे आणि वाऱ्याच्या दिशेकडे आळीपाळीने पाहत होतो. फूल हलेना.

“आधी टॉवेल-टोपी ठिवा की पुढ्यात,” म्हाळाप्पा दबक्या आवाजात म्हणाले. “देव काय फुकट देतो का?”

मी टॉवेल आणि टोपी ठेवून नमस्कार केला. कोणीतरी शिंकले. उजवे फूल टपकन पडले.

“सर्दीचं नको धरू,” एक बाई कुजबुजली.

“धरलं! धरलं!” रज्जाकभाई सर्वांपेक्षा मोठ्याने म्हणाले.

मग उरलेल्या नऊ जणांचा मान झाला, सर्वांत शेवटी म्हाळाप्पांचा. त्यांचे नाव तीन वेळा पुकारण्यात आले. बारा पस्तीसला ते भाचीमागे टॉवेल-टोपी लावून ताठ उभे होते आणि अक्षता माझ्या चष्म्यावर पडत होत्या. जेवणात हुग्गी (गव्हाची खीर) होती. पातेल्याशेजारचे लोक मला ‘टोपीवाले गुर्जी’ म्हणून तीन-तीनदा वाढत होते, आणि एकदा वाढलेले नाकारण्याची त्या पंक्तीत सोय नव्हती.

निघताना म्हाळाप्पा टेम्पोपाशी आले. “मेंढरं घिऊन मी कायम भाईर असतो. तुमची बाई मोजायला दारात आली तर मी कुटं सापडनार?”

मी दुधनीला सांगून ठेवण्याचे आश्वासन दिले आणि ते आश्वासन पुढे पाळले. मग त्यांनी आपल्या खांद्यावरचा टॉवेल काढून माझ्या खांद्यावर घातला, टोपी माझ्या डोक्यावर ठेवली आणि हातात नारळ दिला.

“अहो, हा तुमचा मान!” मी म्हणालो. “यासाठीच तुम्ही सकाळपासून रुसून बसला होता.”

“मला मिळाला त्यो समद्यांनी बगितला. झालं काम. तुमी एकावन्न जनांना घातला, तुमाला कुनी घातला का?”

टोपी उतरवण्यासाठी मी हात वर नेला, तसा टेम्पोपाशी उभ्या असलेल्या म्हातारबुवांनी घसा खाकरला. मी हात खाली घेतला.

अडीचला दुधनीत पोहोचलो. शिवलीला मॅडमनी एकेक पिशवी उघडून पाहिली. “हौद्री (होय), बेचाळीस,” त्या म्हणाल्या आणि हसल्या. “फक्त एका पिशवीला शेंदराचा वास येतोय, सर.” ती पिशवी त्यांनी स्वतःसाठी ठेवून घेतली. तीनच्या ठोक्याला वर्ग भरला तेव्हा मी शेवटच्या बाकावर टोपी घालून बसलो होतो.

परतीच्या वाटेवर काळ्या जमिनीवर ऊन तिरपे झाले होते. रज्जाकभाई म्हणाले, “गुर्जी, अगले टैम मार्क मारने देव नरसय्याकू.” मी मान डोलावली. डोलावताना टोपी डोळ्यांवर आली.

संध्याकाळी घरी अहवाल उघडला. नेलेले साहित्य बेचाळीस, पोहोचवलेले बेचाळीस. लेखणी ‘तफावत’ या रकान्यावर आली. निरंक लिहिण्यास कोणतीही अडचण नव्हती. कोणी विचारले नसते. परंतु टेम्पो ज्या सामानासह गेला होता, त्याहून अधिक सामानासह परत आला होता, आणि मोजण्याचे काम करणाऱ्याने आपल्या खांद्यावर असलेली वस्तू मोजू नये, हे मला कोणत्याच मुलाला शिकवता आले नसते.

मी सुवाच्य अक्षरात लिहिले: तफावत – अधिक. टॉवेल एक, टोपी एक, नारळ एक. परत करता येत नाहीत.

“नारळ फोडू का?” स्वयंपाकघरातून पत्नीने विचारले.

“शाई वाळू दे,” मी म्हणालो. आणि टॉवेल सावरून स्वाक्षरी केली.